तारप्याला पाठ

मेकअपवाल्याने माझं मनगट धरलं आणि हात रंगाच्या बाटलीशेजारी आडवा ठेवला. विचारलं नाही. बाटलीतला तपकिरी रंग बोटावर घेतला, माझ्या कोपराजवळ धरून पाहिला आणि नाचाच्या क्लासच्या मॅडमना म्हणाला, "अजून एक शेड डार्क लागेल."

मॅडम मोबाइलवर बोलत होत्या. त्यांनी मान वर करून हाताकडे बघितलं. माझ्याकडे नाही. हाताकडे.

"हो, हिच्यासारखाच कर. ओरिजिनल वाटलं पाहिजे."

त्याने हात सोडला. टेबलावरची वस्तू सरकवावी तसा बाजूला केला. मग रांगेत उभ्या असलेल्या चौदा पोरींना तो माझा रंग फासायला लागला. दंडाला, मानेला, गुडघ्याखाली. पोरी खिदळत होत्या. एकीने आरशात बघितलं आणि ओरडली, "ई! मी किती घाण दिसतेय!"

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. त्याच रंगाची. जन्मापासून त्याच रंगाची.

मला लागावं म्हणून ती बोलली नव्हती. तिला मी दिसतच नव्हते. शिवी दिली असती तर मी उलट दिली असती. पण जिला तुम्ही दिसतच नाही, तिच्याशी भांडणार कसं?

मी काही बोलले नाही. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून कुणी मला शूर म्हणू नये. त्या दुपारी मी त्या पोरींच्या कमरेला पानांचे घागरे बांधून दिले. प्लास्टिकची पानं. गाठी मीच मारल्या, घट्ट, नाचताना सुटू नयेत म्हणून.

मी वारली जमातीची. शिरसाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमचा पाडा. पाड्याचं नाव सांगत नाही, तुम्हाला त्याचं काम नाही. बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकले. वालीवला एका गाळ्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात, तिथे पॅकिंगला आहे. सहा दिवस काम, रविवारी सुट्टी. आई गेली. घरी बा आणि मी. बा तारपा वाजवतो. भोपळा, बांबू, ताडाचं पान, मेण, सगळं स्वतः जमवून तारपा बनवतो आणि वाजवतो. आमच्याकडच्या चार पाड्यांत त्याच्यासारखा दम कुणाचा नाही.

आश्रमशाळेत साहेब आले की आम्हाला नाचवायचे. त्यांचं जेवण झालेलं असायचं, आमचं राहिलेलं असायचं. साहेब खुर्चीत बसून बघायचे, मध्येच फोन घ्यायचे, फोनवर बोलता बोलता हाताने खूण करायचे, चालू द्या. आम्ही चालू ठेवायचो. मला नाच आवडायचा आणि नाचताना लाज वाटायची. दोन्ही एकदमच. त्या लाजेचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून मी क्लासला गेले. विरार पश्चिमेला, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बोर्ड होता. "नृत्याची मूलतत्त्वे. कोणत्याही वयात. कोणालाही." ते शेवटचं वाचून मी जिना चढले.

खोटं बोलणार नाही. मॅडमना शिकवता येत होतं. मुंबईत मोठ्या गुरूंकडे शिकलेल्या, लग्न होऊन इथे आलेल्या. नवरा मुंबईत नोकरीला. क्लास त्यांनी एकटीने उभा केलेला. पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला तासभर नुसतं उभं केलं. दोन्ही पाय सारखे. वजन टाचेवर नाही, पुढच्या चवड्यावर नाही, मध्ये. पाठ सरळ. खांदे सोडलेले. त्या म्हणाल्या, "ज्याला उभं राहता येत नाही त्याला नाचता येत नाही." ते मला पटलं. आजही पटतं.

मग त्यांनी मात्रा शिकवल्या. सम शिकवली. ठाय म्हणजे संथ, दुगुन म्हणजे तेच दुप्पट गतीने, चौगुन म्हणजे चौपट. पाय तोच, वेळ बदलते. मला वेड लागलं. गाळ्यात झाकणं भरताना टेबलाखाली माझे पाय चालू असायचे. झाकण, झाकण, झाकण, सम. सुपरवायझर म्हणायचा, हिला थंडी वाजते का?

चौथ्या रविवारी अर्धं बसायचं होतं. गुडघे बाहेर, पाठ ताठ, कंबर खाली. फ्लॅटमधल्या पोरींच्या मांड्या थरथरत होत्या. मी खाली बसले आणि बसून राहिले. भाताची लावणी केलेल्या बाईला यात शिकण्यासारखं काही नसतं. मॅडम माझ्यापाशी थांबल्या. "बघा सगळ्या, हिच्याकडे बघा! काय बैठक आहे!" मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, "कुठली गं तू?"

मी सांगितलं.

"म्हणजे आदिवासी?" त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "अगं मग तुला तारपा नाच येत असेल! मग तू इथे काय शिकतेयस? तुझ्या तर रक्तातच आहे!"

त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी राहिले नाही.

एक शब्द धरून ठेवा. रक्तात. बाकीच्या पोरींना जमलं की त्या म्हणायच्या, शाब्बास, मेहनत घेतलीस. मला जमलं की रक्तात. म्हणजे मी टेबलाखाली घासलेल्या पायांची किंमत शून्य. म्हशीला पोहता येतं तसं मला नाचता येतं.

माझं चुकलं तरी त्या सुधारायच्या बंद झाल्या. हातांच्या मुद्रा सुरू झाल्या तेव्हा मी पुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी माझी बोटं हातात घेतली, उलटीसुलटी बघितली. नखांच्या कडेला झाकणांच्या मशीनने कापलेलं होतं. हळू आवाजात, मायेने म्हणाल्या, "तुझे हात कामाचे आहेत गं. मुद्रा उठून दिसत नाहीत यांच्यावर. तू पायांवर लक्ष दे. तुझं पायांचं आहे."

मायेने म्हणाल्या, हे विसरू नका. या बाईने माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. माझ्या पाण्याच्या बाटलीला वेगळी जागा नव्हती. वाढदिवसाला केकचा तुकडा मलाही मिळायचा.

वार्षिक कार्यक्रम जवळ आला तसं त्यांनी मला सांगितलं, या वर्षी आदिवासी नृत्य ठेवलंय, ते तू शिकव. दोन महिने रविवारचा माझा स्वतःचा तास बंद झाला आणि मी चौदा पोरींना शिकवायला लागले. मी खूश होते. मी ताई झाले होते.

आमचा नाच कसा असतो ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मध्ये तारपावाला. त्याच्याभोवती नाचणारे, एकमेकांच्या कमरेला हात घालून, एका माळेत. तारपावाला फिरतो, माळ त्याच्यामागे फिरते. तो सूर बदलतो, पाय बदलतो. कधी बदलणार ते तो सांगत नाही. शेजारणीच्या कमरेवरच्या हाताला ते आधी कळतं, मग पायाला, मग डोक्याला. मोजायचं नसतं. आणि एक नियम. एकच. तारप्याला पाठ करायची नाही. माळ कितीही वळली, साप वळतो तशी वळली, तरी तोंड तारप्याकडे. तो नाच त्याच्याकडे बघून होतो. बघणाऱ्याकडे बघून नाही. आमच्यात बघणारा नसतोच. आलेला माणूस हात घालून माळेत शिरतो.

पोरींना मोजायची सवय होती. पहिले दोन रविवार त्या ओठात एक दोन तीन चार पुटपुटत होत्या आणि एकमेकींच्या पायावर पाय देत होत्या. त्यात एक सई होती, पंधरा वर्षांची, चष्मा लावणारी. तिसऱ्या रविवारी ती नाचताना थांबली आणि म्हणाली, "ताई, मी मोजलंच नाही! आपोआप बदललं!" मी तिला मिठी मारली.

त्या रविवारी बा आला होता. मीच आणला होता. तारप्याला नवीन मेण लावलेलं, पांढरा शर्ट घातलेला. त्याचा तो एकच चांगला शर्ट, लग्नाकार्याला घालायचा. जिन्याखाली चपला काढून अनवाणी वर आला. आरसे बघून दारातच थांबला. म्हणाला, "इतल्या आपुनच दिसतो सगलीकडं."

त्याने वाजवलं. मॅडम बोटांवर मोजत होत्या. एकदा वाजवलं, दुसऱ्यांदा वाजवलं, तिसऱ्यांदा. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"अगं, दर वेळी वेगळं वाजवतात ते. कधी बारावर बदलतात, कधी वीसवर. असं कसं बसवायचं?"

मी म्हटलं, "मॅडम, ते पोरींकडे बघून बदलतात. माळ जमली की बदलतात."

"तेच ते. त्यांना ताल नाही."

बा पाच पावलांवर होता. त्याला ऐकू गेलं. तो तारप्याच्या भोपळ्यावरून हात फिरवत राहिला.

पन्नास वर्षं ज्याच्या श्वासावर चार पाडे नाचतात त्याला ताल नाही. कारण तो आठ मात्रांत मावत नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हो मॅडम."

त्यांनी स्टुडिओत ट्रॅक करून आणला. तारप्याचा आवाज होता, खाली धडधड मशीनचा ठेका. प्रत्येक ओळ आठाची. पुढच्या रविवारी त्यांनी नाच पुन्हा बसवला. माळ तोडून दोन रांगा केल्या. सगळ्यांची तोंडं समोर. सईने विचारलं, "मॅडम, पण तारपावाल्याला पाठ करायची नसते ना? ताईंनी सांगितलंय."

मॅडम हसल्या. "बाळा, स्टेजचा पहिला नियम काय? प्रेक्षकांना पाठ दिसता कामा नये. ते घरचं असतं, हे स्टेज आहे."

सईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

कार्यक्रमाचा दिवस. आगाशीच्या अलीकडचं एक मंगल कार्यालय, एसी हॉल, फुलांची कमान. रंगाचं मी सांगितलंच. त्यानंतर अर्ध्या तासाने बा आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. शेजारच्या पाड्यावर इस्त्री आहे, तिथे जाऊन करून आणला होता. तारपा कापडात गुंडाळलेला.

मॅडम लगबगीने आल्या. "या काका, या. बरं झालं वेळेत आलात. काका, शर्ट काढा."

बाला कळलं नाही.

"शर्ट काढा, उघडेच बसा. गळ्यात ही माळ घाला. आणि तिथे कोपऱ्यात ओंडका ठेवलाय त्याच्यावर बसायचं."

"काडू काय?" बाने मला विचारलं. मॅडमना नाही. मला.

मी म्हटलं, "काढ."

हे माझ्या तोंडून गेलेलं आहे. ते मी परत घेऊ शकत नाही. साठीचा माणूस चौदा पोरींसमोर, त्यांच्या आयांसमोर, शर्टाची बटणं काढायला लागला. एकेक, वरून खाली. घडी घालून माझ्या हातात दिला. त्याच्या छातीची हाडं दिसत होती. एका आईने मोबाइल काढला आणि म्हणाली, "वॉव, काका, जरा इकडे बघा ना." बाने बघितलं.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि काका, एक लक्षात ठेवा. ट्रॅक लागेल. तुम्ही फुंकू नका. फक्त तोंडाला धरा. गाल फुगवा, बोटं हलवा. फुंकलंत तर ट्रॅकशी भांडेल."

"फुकायचा नाय?"

"नाही. फक्त धरायचं."

बा म्हणाला, "बरं बाय."

पडदा वर गेला. निवेदिका म्हणाली, "आणि आता आपल्या भेटीला येतोय थेट जंगलातून खराखुरा तारपावाला!" टाळ्या. शिट्ट्या. दिग्दर्शक म्हणून मॅडमचं नाव. माझं नाही. माझं असेल असं मला कुणी सांगितलेलंही नव्हतं. मी मात्र कान देऊन ऐकत होते.

मी विंगेत उभी होते. हातात शर्ट. स्पीकरमधून तारपा सुरू झाला. बा ओंडक्यावर बसून गाल फुगवत होता. चौदा पोरी उड्या मारत आल्या, हू हू असा आवाज काढत. हा आवाज मी शिकवलेला नव्हता. आमच्यात असा आवाज कोणी काढत नाही. हा आवाज तुमच्या डोक्यातला आहे. पुढच्या रांगेतले लोक तो आवाज ऐकून हसले, त्यांना ओळखीचा वाटला. मग पोरी दोन रांगांत उभ्या राहिल्या. समोर तोंड. बाच्या बाजूला चौदा पाठी.

चौदा पाठींच्या मागे माझा बाप खोटं फुंकत होता.

मी त्याचे गाल बघितले. ते गाल मी लहानपणापासून बघतेय. खळ्यावर दुपारभर वाजवून ते लाल होतात, घामाने चमकतात. आता ते फुगत होते आणि त्यांच्यातून काही येत नव्हतं. बोटं खरी पडत होती. ट्रॅक चुकीचा होता आणि बाची बोटं बरोबर पडत होती. तो मनात खरंच वाजवत होता. त्याला तेवढंच ठेवलं होतं.

मी स्टेजवर गेले.

ठरवून नाही. पाय निघाले. अंगावर कामावर जायचा पंजाबी ड्रेस, पायात काही नाही. पोरींच्या रांगेतून मी सरळ चालत गेले, दोघी एकमेकींवर आदळल्या. विंगेतून मॅडमचा दबका आवाज आला, "ए! काय करतेस? बाजूला हो!" मी बासमोर जाऊन उभी राहिले. हॉलकडे पाठ. पूर्ण पाठ.

"बा, वाजवतोस?"

त्याने डोळे मोठे केले. मान हलवली. नाही.

"खरा वाजव. आत्ता."

"नको गो. मोठी मानसां बसलीत."

"मग शर्ट घाल नि ऊठ."

त्याने तारपा तोंडापासून खाली घेतला. आणि तेव्हा सगळ्या हॉलला दिसलं. तारपा बाच्या मांडीवर आणि तारप्याचा आवाज चालूच. मशीनवाल्याला काय करावं कळेना, त्याने ट्रॅक बंद केला नाही. हॉलभर हसू फुटलं. मोठ्ठं. चारशे माणसांचं.

मी बाला शर्ट घातला. उघड्या स्टेजवर, लाइटमध्ये. दोन बटणं लावली. तिसरं लागेना. आम्ही निघालो. सई रांगेत होती. ती रडत होती आणि नाचत होती. समोर तोंड करून. थांबली नाही. मी तिला दोष देत नाही. पण थांबली नाही हे लिहून ठेवते.

विंगेत मॅडमनी माझा दंड धरला. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "मुलींची दोन महिन्यांची मेहनत मातीत घातलीस! मी तुला काय कमी केलं? तुम्हाला स्टेज दिलं मी. स्टेज! कोण देतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "माझा रंग घेतलात. माझे पाय घेतलेत. बाच्या अंगावरचा शर्ट काढलात. फक्त त्याचा आवाज तुम्हाला नको होता."

"उद्यापासून क्लासला पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवणार."

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हालाही बरं वाटलं असतं. संपलं नाही.

परत येताना टमटममध्ये बा माझ्या समोर बसला, बाजूला नाही. शिरसाड फाटा आला. उतरल्यावर म्हणाला, "माज्यावर हसले ते."

"तुझ्यावर नाही बा. त्या ट्रॅकवर हसले."

"मी बसलो होतो तवर कोन हसला नव्हता. तू उठवलंस तवा हसले."

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी वाढलेलं खायचा आणि उठायचा. मला राग आला. मी तुझ्यासाठी केलं आणि तूच? मग एका रात्रपाळीला पॅकिंगच्या टेबलाशी बसल्याबसल्या मला कळलं, उठायचंय का हे मी त्याला विचारलंच नव्हतं. मेकअपवाल्याने माझा हात न विचारता उचलला होता. मी माझ्या बापाला तसंच उचललं. चारशे लोकांसमोर.

नवव्या दिवशी तो खळ्यावर बसला होता. भात झोडून झालं होतं. मी चहा घेऊन गेले. त्याने कप घेतला आणि विचारलं, "त्या पोरींना पाठ करायला कोनी शिकवली? तू?"

"नाही. मॅडमनी बदललं."

"कवा?"

"आधी. महिनाभर आधी."

"तवा तू तितं होतीस?"

"होते."

"मंग तवा का नाय बोललीस?"

त्याने रागाने विचारलं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला. मी उत्तर शोधलं. सापडलं ते असं. मला त्या आरशांच्या खोलीत राहायचं होतं. ताई म्हणवून घ्यायचं होतं. मॅडमनी एक दिवस परत माझी बोटं हातात घ्यावीत आणि म्हणावं, जमतंय. त्यासाठी मी बाचा ताल दिला, आमची माळ दिली, पाठ दिली, शेवटी शर्टसुद्धा दिला. त्यांनी हिसकावलं नाही. मी एकेक काढून हातात ठेवलं. स्टेजवर मी चिडले ती त्यांच्यावर नाही, माझ्यावर. दोन महिन्यांचा उशीर झाला होता.

मी बाला म्हटलं, "मला भ्यायला झालं."

तो म्हणाला, "मला बी." चहा संपवला. एवढंच. आम्ही गळ्यात पडलो नाही.

त्यांनी शिकवलेलं मी टाकलं नाही. का टाकू? सम माझी आहे, मात्रा माझ्या आहेत, त्या मी पाय घासून मिळवल्यात. गाळ्यात जेवणाच्या सुट्टीत मशीनमागे उभी राहून मी मुद्रा करते. पताका, त्रिपताका, अर्धपताका. मोबाइलवर बघून. चुकतात. परत करते. रविवारी पाड्यावरच्या पोरापोरींना घेऊन खळ्यावर उभी राहते. आमच्याही लग्नांत आता डीजे लागतो, पोरांना तारपा म्हणजे म्हाताऱ्यांचं काम वाटतं. ते मला माहीत आहे. मॅडमनी सांगायची गरज नाही.

पण त्या सांगायला आल्या. पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, सकाळी अकराच्या सुमाराला पांढरी गाडी पाड्याच्या वाटेवर थांबली. मॅडम, सई, आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर घेतलेला एक माणूस. मी वाटेवर गेले. घरापर्यंत येऊ दिलं नाही.

"अगं, कशी आहेस?" त्या म्हणाल्या. "झालं गेलं मी विसरले हं. रागावले होते, पण आता काही नाही मनात."

मी वाटेच्या मधोमध उभी राहिले.

"मी कार्यशाळा घेतेय. तारपा, मुळापासून. काकांचं शूटिंग हवंय. या वेळी फुंकू देत, खरंखुरं. पायांचे क्लोजअप घेऊ. अभ्यासक्रमात तुमच्या पाड्याचं नाव टाकीन. तुझंही."

"नाही."

"नाव टाकते म्हणतेय ना."

"शूटिंग नाही. कार्यशाळा नाही. कोणी शिकायला येणार असेल तर चपला काढून, हात मोकळे घेऊन खळ्यावर यावं. बा वाजवेल तेवढा वेळ नाचावं. दमलं तर बसावं. परत यावं. वर्ष लागेल, दोन लागतील. त्यावर कागद मिळणार नाही."

"कोणाला वेळ आहे एवढा?" त्या हसल्या. मग हसू गेलं. "हे बघ, मी चांगल्या मनाने आलेय. तुम्ही लोक असेच अडून बसलात तर हे सगळं तुमच्याबरोबर मरेल. कोणी विचारणार नाही."

बा ओटीवर बसून बघत होता. उठला नाही. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. मी त्याला सकाळीच विचारलं होतं, गाडी येणार असा फोन आला तेव्हा. तो म्हणाला होता, "तू बग." तेवढ्या अधिकारावर मी वाटेत उभी होते.

मी म्हटलं, "मरायचं की नाही ते आम्ही ठरवू, मॅडम. गाडी इथे वळत नाही. मागे घ्या."

गाडी मागे घ्यायला त्यांना बराच वेळ लागला. सई काचेतून बघत होती. तिच्याकडे बघून मी हसले नाही.

लोक मला विचारतात, एवढं कडू कशाला राहायचं? त्यांनी माफी मागितल्यासारखंच केलं, नाव देत होत्या, अजून काय पाहिजे? मला तुमच्याकडून काही नको आहे. तुम्हाला आमचा नाच आवडतो यात माझा मान नाही. तुमच्या टाळीची मला गरज नाही. ज्याला नाचायचं आहे त्याने आत यावं, त्याची जात मी विचारणार नाही. ज्याला बघायचं आहे, घेऊन जायचं आहे, दाखवायचं आहे, त्याला मी वाटेवरूनच परत पाठवणार. गोड बोलला तरी. मोठं नाव घेऊन आला तरी. उद्या आमच्यातलाच कोणी त्याचा हात धरून त्याला घेऊन आला, तर त्यालाही.